तोंड फिरवलेलं गाव

तेराव्याच्या जेवणाचे ढेकर अजून गल्लीत ऐकू येत व्हते, अन् माझे दोन पुतणे माझं घर मोजायला आले. थोरला आप्पाराव दोरीचं एक टोक धरून चुलीपाशी, धाकटा अंकुशराव दुसरं टोक धरून दारापाशी. मधी मी, ज्वारी पाखडत बसलेली.

"राजूबाई, जरा सरकता का? दोरी अडायलीय," आप्पाराव म्हणला.

सरकले. आल्यागेल्याचा मान राखावा लागतो.

"कशासाठी मोजायलात बाबा?" मी इचारलं.

"काकाचं घर हाय न्हवं. काकाला मूलबाळ न्हाई. मंग वारस आम्हीच की."

"अन् मी?"

अंकुशरावाला तेवढ्यात माळवदाच्या तुळया मोजायचं सुचलं. आप्पाराव मात्र मायाळू. तो म्हणला, "तुमचा बी इचार केलाय आम्ही. गोठ्याला लागून खोली हाय, तिथं ऱ्हावा. आमच्या घरच्या भाकरी टाका, दोन टाइम पोटभर जेवा. आतापर्यंत तरी दुसरं काय करायलात?"

खरं हाय. एकोणीस साल मी ह्या घरात दुसरं काय केलं? शेतात निंदलं, खुरपलं, गायी पिळल्या, मालकाला तापात रात्रंदिवस उशाला बसून उठवलं. पण हे सगळं भाकरी टाकून उरलेल्या येळात. त्याला काम कोण म्हणतंय.

आमचे मालक म्हणजे रामकिशन. हळ्ळीखेडात अठरा एकर काळी जमीन, एक विहीर, एक बैलजोडी अन् हे माळवदाचं घर. थोरल्या भावाशी वाटण्या कवाच झाल्या व्हत्या, मी यायच्या आधीच. माणूस लाखात एक, हे मी भांडताना बी म्हणायची. साप निघाला तर काठीवर घेऊन शिवंबाहेर सोडून यायचे, मारायचे न्हाईत. पण कागद दिसला की ह्याच माणसाला घाम फुटायचा. त्यांच्या बापानं वाटणीचा कागद केला अन् पंधरा दिवसांत बाप गेला. तवापासून कागद केला की माणूस मरतो, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. बाप ऐंशीच्या पुढं व्हता, ही गोष्ट मधी आणायची न्हाई.

मी दोनदा म्हणलं, "अहो, माझ्या नावानं दोन ओळी लिहून ठेवा. तुमच्यामागं मला कोण इचारंल?"

दोन्ही येळेला एकच उत्तर. "येडी का काय! कागद कशाला? गाव जाणतंय की."

मंग एक दिवस खळ्यावर घोटभर पाणी प्याले, मेढीला टेकून बसले अन् बसल्या जागी गेले. कागद न करता गेले. म्हणजे मरणात कागदाचा काही हात नसतो, एवढं तरी सिद्ध झालं. मी लई रडले. निम्मं दुःखानं रडले, निम्मं रागानं. कोणतं निम्मं कोणतं, ते मला अजून सांगता येत न्हाई.

आता पाट म्हणजे काय ते सांगते, कामून की सगळं घोडं तिथंच अडलं.

मानमोडीचा ताप आल्ता त्या साली माझा पहिला नवरा गेला. मी अठरा-एकोणीस सालाची. त्याच तापात मालकाची पहिली बायको गेली. आमच्यात विधवेला परत नवरा करायला मनाई न्हाई. फक्त त्याला लगीन म्हणायचं न्हाई, पाट म्हणायचं. मांडव न्हाई, वाजंत्री न्हाई, वऱ्हाड न्हाई. दिवस मावळल्यावर गावाबाहेरच्या मारुतीपाशी एक जोशी, एक मधला माणूस अन् दोन-तीन विधवा, एवढ्यात उरकायचं. अन् त्या सांजंला पाटाची नवरी घराकडं निघाली की तिचं तोंड कुणी बघायचं न्हाई. बघणाऱ्याचं वाटोळं व्हतं म्हणत्यात. सवाष्णीनं बघितलं तर तिचा नवराच जातो. म्हणून गल्लीतली दारं लागतात, अन् बाहेर असलेले गडी पाठ करून उभे ऱ्हातात. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की मंग बघा, कितीबी बघा.

मी वेशीतून आत आले तवा आख्ख्या हळ्ळीखेडाची पाठ बघितली. पाटील निंगप्पाची पाठ, तेल्याची पाठ, बलुत्यांच्या पाठी. मला हसू फुटलं. मालक हळूच म्हणले, "हसू नको, ऐकतील." अन् मंग ते सोताच हसायले. माझं लगीन म्हणा, पाट म्हणा, मला एवढंच याद हाय.

घर मोजून झाल्यावर पुतण्यांनी चिटगुप्प्याच्या कचेरीत विरासतीचा अर्ज टाकला. म्हणजे, मयताच्या जमिनीवर अन् घरावर आमचं नाव चढवा. त्यात लिहिलं, ‘मयताला बायको न्हाई. घरात राजूबाई नावाची औरत हाय, ती दोन वेळच्या भाकरीवर ठेवलेली.’ ह्या दोघांच्या लग्नातल्या भाकरी बी मीच थापल्या. मला ज्या भाकरीवर ठेवलं ती कोण थापत व्हतं, ते तेवढं अर्जात लिहायचं राहिलं.

कचेरीचा चपराशी मला सांगायला आला. "बाई, पाट झाला म्हणता तर कागद दावा. कागद नसंल तर बघितलेले गवाह आणा. न्हाईतर घर खाली करावं लागंल."

खाली करून जाऊ कुठं? माहेरात कुणी उरलं न्हाई. पहिल्या सासरचं दार त्या सांजंलाच लागलं, ते लागलेलंच हाय. पण खरं सांगते, घराहून जास्त मला तो शब्द डाचत व्हता. ठेवलेली. ज्या माणसाच्या नावाचं कुंकू लावून एकोणीस साल तोंड वर करून हिंडले, त्याची मी कोण, तर भाकरीवर ठेवलेली. रात्री कूस बदलली की तो शब्द टोचायचा.

निघाले गवाह शोधायला. जोशी मेलेला. मधला माणूस मेलेला. तीन विधवा व्हत्या, त्यातल्या दोघी गेल्या. उरली एकटी भागम्मा. ती लिंगायत, पलीकडच्या गल्लीतली, मी तिला अक्का म्हणते, ती मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. ती म्हणली, "तंगी, मी येते. पण माझ्या एकटीनं भागंल का?"

मंग पाटील निंगप्पाकडं गेले.

"राजूबाई, खोटं कशाला बोलू," पाटील म्हणले, "मी बघितलं न्हाई."

"पाटील, तुम्ही वेशीतच उभे व्हता की!"

"व्हतो. पाठ करून व्हतो. मी पाटील असून रीत मोडू का?"

तेल्याकडं गेले. त्याचं तेच. "त्या दिवशी मी भिताडाकडं बघत व्हतो." त्याची बायको म्हणली, "आम्ही तर दारच लावलं व्हतं, बाई."

ह्या गावात कुणाच्या घरी कशाचं कालवण शिजायलंय ते फोडणी बसायच्या आधी वेशीपाशी कळतं. माझी कोंबडी दुसऱ्याच्या परसात अंडं घालून आली तर चार साक्षीदार धावत येतात. अन् वेशीपासून घरापर्यंत नवऱ्यामागं चालत आलेली नवरी एकाला दिसली न्हाई.

"पण तुम्हाला ठाव हाय न्हवं?" मी तेल्याला इचारलं.

"ठाव हाय की! सगळ्या गावाला ठाव हाय. पण कचेरीत डोळ्यांनी बघितलेलं सांगावं लागतं, बाई. शपथ असती."

इतकं सत्यवादी गाव निजामाच्या राज्यात दुसरं नसंल. तरी मी सगळ्यांच्या हातापाया पडले, म्हणलं, येऊन तेवढं तरी सांगा. यायला तयार झाले. चिटगुप्प्याचा बाजार बी व्हता त्या दिवशी.

पुतणे आईला घेऊन गाडीनं गेले. गाडी मालकाची, बैल मालकाचे, सकाळी त्यांना वैरण टाकलेली मी. माझ्याच बैलांनी माझ्याविरुद्ध बोलणारी माणसं कचेरीत नेऊन सोडली. मी अन् भागम्मा चालत गेलो. बैलांवर माझा राग न्हाई, त्यांना अर्ज वाचता येत न्हाई.

तहसीलदारसाहेब हैदराबादेकडचे, नवीनच आल्ते. काळी शेरवानी, डोक्याला लाल टोपी, अन् आम्हाला बघून कपाळाला आठ्या. त्यांच्या बाजूला पेशकार शिवशंकरप्पा. आम्ही बोलायचं ते तो साहेबाला उर्दूत सांगायचा अन् कागदावर उलटीकडून लिहायचा.

पहिले पाटील. "बघितलं का?" "न्हाई साहेब." मंग तेली. "बघितलं का?" "न्हाई साहेब." असे ओळीनं पाच जण. प्रत्येकजण शपथ घ्यायचा, न्हाई म्हणायचा अन् माझ्याकडं बघून मान हलवायचा, जसं काय माझ्यावर उपकार केलेत. साहेबांनी लेखणी खाली ठिवली अन् पेशकाराला म्हणले, "पूरा गाँव अंधा है क्या?"

पेशकारानं हे मराठीत सांगितलं न्हाई. पण आम्हाला कळलं.

भागम्मा उभी राहिली. "साहेब, मी बघितलं. हिच्या हातात हिरव्या बांगड्या मीच भरल्या. त्यातल्या दोन फुटल्या बी."

आप्पाराव लगेच उठला. "साहेब, ही दुसऱ्या समाजाची बाई. हिला आमच्या रीतीतलं काय कळतंय?"

"विधवा हाय मी," भागम्मा म्हणली, "ही रीत तुझ्यापरीस मला जास्त कळती."

साहेबांनी ऐकून घेतलं. मंग म्हणले, एकाच बाईची गवाही, ती बी हिच्या मैत्रिणीची. ह्यावर हुकूम कसा लिहू? पेशकारानं पुतण्यांचा अर्ज वर काढला तवा मला कळून चुकलं की आता गोठ्याची खोली.

शेवटाला माझी जाऊ, सत्यभामाबाई, पुतण्यांची आई. तिला लेकांनी वाटंत गाडीत बसून चांगलं पाठ करून घेतलं व्हतं. ती पदर सावरून म्हणली, "पाटबिट काही झालं न्हाई, साहेब. माझं घर ह्यांच्या घराला लागून. झाला असता तर मला दिसला नसता का?"

पेशकार लिहायला लागला. मी उभी राहिले.

"साहेब, एक बोलू का?"

साहेबांनी मान हलवली.

आता मी जे बोलले ते बोलू नये. मला त्याच टायमाला कळत व्हतं की बोलू नये. पण जाऊबाईचा मला एकोणीस सालाचा सराव. ती उपासाच्या दिवशी दुसऱ्याची सावली चुकवून चालणारी बाई. पोटच्या लेकासाठी ती खोटं बोलंल, पण रीत मोडली म्हणून घेणार न्हाई.

"जाऊबाई," मी म्हणलं, "दिसला असता का? तुम्हाला दिसलाच की. त्या सांजंला तुमच्या खिडकीच्या फटीतून तुम्ही माझं तोंड बघितलं. नवरा जिता असून बघितलं. म्हणून तर भाऊजी चार सालांत गेले."

हे साफ खोटं व्हतं. त्या सांजंला ती खिडकी मला दिसली बी नव्हती. भाऊजी कावीळ होऊन गेले, अन् ते गेल्यावर जाऊबाई माझ्याच मांडीवर डोकं ठिवून रडल्या व्हत्या.

जाऊबाईचं तोंड पांढरं पडलं. मंग लाल झालं.

"जीभ झडो तुझी!" ती ओरडली. "मी बघितलं? मी? अगं, दिवस मावळायच्या आत कडी लावली मी! खिडकीत घोंगडं कोंबलं! चुलीकडं तोंड करून बसले, अन् ह्या दोन्ही लेकरांची तोंडं पदरात दाबून धरली! हा अंकुश गुदमरून बोंबलायला लागला तरी सोडला न्हाई! ऊन अंगणात येईस्तोवर दार उघडलं न्हाई मी! अन् माझ्या मालकाला मी खाल्लं म्हणतीस?"

पेशकार शिवशंकरप्पानं एकेक शब्द चवीनं साहेबाला सांगितला. घोंगड्याला उर्दूत काय म्हणत्यात ते त्यानं जरा येळ घेऊन शोधलं.

साहेब पुढं वाकले. पेशकाराकडून इचारलं, "कुणाचं तोंड बघायचं नव्हतं, बाई?"

"पाटाच्या नवरीचं! आणखी कुणाचं?" जाऊबाई तावातावात म्हणली. अन् तोंड तसंच उघडं राहिलं.

"आई!" आप्पाराव म्हणला. लई उशिरा म्हणला.

साहेबांनी पाटलाला परत बोलवलं. "तुम्ही त्या दिवशी वेशीत पाठ करून उभे व्हता का?" "व्हय साहेब." "कामून?" पाटलानं टोपी काढली, घातली. "नवरी यायली व्हती, साहेब." तेल्याला बोलवलं. तो भिताडाकडं कामून बघत व्हता, तर नवरी यायली व्हती. पाचही जणांना परत इचारलं. ज्यांनी ज्यांनी बघितलं न्हाई म्हणून शपथ घेतल्ती, त्यांनी त्याच शपथेवर सांगितलं की न बघण्यासारखं तिथं काय व्हतं.

साहेब पयल्यांदा हसले. म्हणले, जे झालंच न्हाई ते बघायचं न्हाई म्हणून आख्खं गाव पाठ फिरवून उभं राहील का?

हुकूम झाला. घर अन् जमीन जितेपणी राजूबाईच्या नावावर. तिच्यामागं वारसाकडं, म्हणजे परत ह्या दोघांकडंच. मी पेशकाराला म्हणलं, "अण्णा, त्यात मला कोण लिहिलंय?"

"रामकिशन मयताची बायको," शिवशंकरप्पा म्हणला.

"कुठं?"

त्यानं कागदावर बोट ठिवलं. मला वाचता येत न्हाई, उर्दू तर मुळीच न्हाई. बारकं वाकडंतिकडं अक्षर, वर दोन टिंबं. मी त्यावर बोट ठिवलं. शाई ओली व्हती, बोटाला लागली. पेशकार वरडला, पण पुसलं न्हाई मी.

तोंड वर करून घरी जावं म्हणलं, तर पायरीवर जाऊबाई बसलेल्या. हुंदके देऊन रडायल्या. लेक कुठं दिसंनात. जिंकल्यावर मला बरं वाटायला पायजे व्हतं. न्हाई वाटलं. मी तांब्याभर पाणी आणलं, त्यांच्यापाशी बसले.

"जाऊबाई, तुम्ही बघितलं न्हाई. मला ठाव हाय. मी खोटं बोलले."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मंग तांब्या घेतला. "पाट झाला न्हाई म्हणून मी बी खोटंच बोलले की," त्या म्हणल्या. "लेकरांनी सांगितलं म्हणून." अन् पाणी प्याल्या.

गाडी आता माझी व्हती. मी जाऊबाईला अन् भागम्माला गाडीत बसवलं अन् हळ्ळीखेडचा रस्ता धरला. पुतणे मागनं चालत आले. ऊन लई व्हतं, बिचाऱ्यांना त्रास झाला असंल.

ह्याला आता दोन महिने झाले. ज्या गावानं माझ्याकडं पाठ केल्ती, त्यातले दोघं आता रोज सकाळी माझं तोंड बघायला येतात. पण एकत्र न्हाई, येगयेगळे. आप्पाराव दूध घेऊन येतो. मला दोन गायी हायत, तरी आणतो. तो गेला की अंकुशराव येतो, लोण्याचा गोळा घेऊन. दारातूनच हाक मारतो, "काकू, तब्येत कशी हाय?" एकोणीस साल राजूबाई व्हते, आता काकू झाले. मी शिंकले तरी दोघांचे चेहरे उजळतात. मी अजून चाळिशीच्या अलीकडं, अन् अंकुशरावाला आताच चालून दम लागतो, हे त्याच्या ध्यानात येत न्हाई.

काल आप्पाराव दूध ठिवून गेला न्हाई, बसला. इकडंतिकडं बघितलं. हळूच म्हणला, "काकू, माणसाचा काय भरवसा? तुमच्यामागं आम्हा भावाभावांत भांडण नको. एक कागद करून ठिवा. सगळं माझ्या नावानं. अंकुशला मी बघंन की."

आज सकाळी अंकुशराव आला. लोणी डबल. "काकू, एक कागद करून ठिवा. माझ्या नावानं. आप्पाला काही सांगू नका."

तव्यावर भाकरी फुगायली व्हती. मला एकदम मालकाची याद आली, अन् डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं म्हणायला सोय व्हती. मी चुलीकडं तोंड फिरवलं.

"येडा का काय!" मी म्हणलं. "कागद कशाला बाबा? गाव जाणतंय की."